सतरा वर्षांत दोन गोल

"गोल किती?" जयलक्ष्मीबाईंनी विचारलं आणि पेनाचं टोपण काढून वहीच्या समासात आकड्यासाठी जागा ठेवली.

समोर वेताच्या खुर्चीत मिलुतिन बसला होता. उजवा पाय स्टुलावर आणि गुडघ्यावर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ. त्यानं दोन बोटं वर केली.

"दोन? कुठल्या वर्षी?"

"सतरा वर्षांत," तो म्हणाला. "त्यातला एक माझ्या पाठीला लागून आत गेला. मी तिकडं बघतही नव्हतो."

जयलक्ष्मीबाईंचं पेन थांबलं. चौतीस वर्षं त्यांनी धारवाडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. निरोपसमारंभ, सत्कार, पाहुण्यांचा परिचय अशी किती पानं लिहून खणखणीत आवाजात वाचली, याची त्यांना गणती नव्हती. ज्याच्यापाशी सांगण्यासारखं काही नाही अशा माणसाबद्दलही त्यांनी पानभर लिहिलं होतं. पण फुटबॉलवाला म्हटल्यावर गोल विचारायचे, एवढं त्यांना ठाऊक होतं आणि पहिल्याच प्रश्नाला गाडी अडली होती.

मिलुतिन यारिच हा सर्बियाचा माणूस. चाळीस वर्षांचा, डोक्यावर जेमतेम केस, खांदे मात्र दारात मावणार नाहीत असे. शेवटचे दोन हंगाम तो गोव्यात एका क्लबाकडून खेळला आणि मग निवृत्त होऊन इकडं आला. धारवाडजवळच्या बेलूरला ज्यांचा कारखाना आहे त्या संजीव नाडगौडांनी कारखान्यामागच्या माळावर मुलामुलींसाठी फुटबॉलची निवासी अकादमी काढली होती. तिथं तो शिकवायचा आणि जयलक्ष्मीबाईंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचा. पाच वर्षं झाली. गल्लीत त्याला सगळे मिलूअण्णा म्हणत. चुरमुऱ्यांचं गिरमिट खाताना मिरची बाजूला काढायची नसते हे तो शिकला होता आणि बाईंना तो 'टीचर' म्हणायचा.

येत्या रविवारी अकादमीचा पाचवा वाढदिवस होता. त्यात मिलुतिनचा सत्कार. त्याचा परिचय बाईंनी लिहायचा आणि वाचायचा, असं नाडगौडांनी फोनवर सांगून टाकलं होतं.

"सामने किती खेळलास?"

"चारशे एकोणीस."

"बक्षिसं?"

त्यानं मान हलवली. "अठ्ठ्याऐंशी पिवळी कार्डं आहेत."

"पिवळं कार्ड म्हणजे ताकीद ना?"

"हो."

"अठ्ठ्याऐंशी वेळा?" बाईंच्या आवाजात वर्गातली धार आली.

"मी मिडफिल्डर होतो, टीचर. मधे उभा राहायचो. समोरच्याकडून चेंडू काढून घ्यायचा आणि आपल्या माणसाला द्यायचा. बस. ज्याच्यापाशी चेंडू असायचा त्याला मी कधीच आवडलो नाही."

त्यांनी बाकीचं विचारून घेतलं. गाव क्रालेवो. तिथं रेल्वेचे डबे बनवायचा कारखाना आणि वडील त्यात कामाला. हुबळीत रेल्वेचं मोठं वर्कशॉप आहे हे कळलं तेव्हा आपण बरोबर जागी आलो असं त्याला वाटलं होतं. तो लहान असताना देशाचे तुकडे होत गेले. "घर न बदलता मी चार देशांत राहिलो," असं तो सहज म्हणाला आणि बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं उतरून घेतलं. अठराव्या वर्षी गावच्या क्लबात आला, मग नोव्ही साद, मग हंगेरी. एक हिवाळा कझाकस्तानात, जिथं सरावाआधी मैदानावरचा बर्फ खेळाडूच फावड्यानं काढायचे. मग सायप्रस आणि शेवटी गोवा.

"आणि देशाकडून?"

"एकदा बोलावलं. पंचवीस वर्षांचा होतो. पूर्ण सामना मी राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून होतो. दोनदा गोलपोस्टच्या मागं पळून अंग गरम करून आलो. दुसऱ्या वेळी टीव्हीवर मी दिसलो, जॅकेट काढताना. आईनं सगळ्या गल्लीला सांगितलं."

"आणि मग?"

"मग जॅकेट परत घातलं."

तो हसला. तोंडदेखलं हसू नव्हतं ते. बाई त्याच्याकडं बघत राहिल्या. एवढी हुकलेली गोष्ट सांगताना माणसाचा आवाज कुठंतरी चिरतो, हे त्यांनी पुष्कळ ऐकलं होतं. याचा चिरला नाही.

मग तो वरून एक प्लास्टिकचं पाकीट घेऊन आला. आडवा होत, एकेक पायरी जपत. पाकिटात वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण होतं. कपच्या सामन्यात त्याच्या लहानशा क्लबानं राजधानीतल्या मोठ्या क्लबाला हरवलं, त्याचा फोटो. गोल मारणारा पोरगा हवेत उडी घेतोय, तोंड उघडं, मुठी वळलेल्या. मागं प्रेक्षकांनी उडवलेल्या फटाक्यांचा धूर.

"तू कुठं आहेस यात?"

मिलुतिननं फोटोच्या डाव्या काठावर बोट ठेवलं. तिथं चौकट संपत होती आणि संपता संपता एक चिखलानं माखलेला खांदा आत आला होता. बाकी माणूस कापला गेला होता.

"हा माझा खांदा," तो म्हणाला. जसा कुणी आपलं शेत दाखवावं तसा. "मी मधे चेंडू काढला, त्याच्या पायापाशी ठेवला. त्यानं फक्त मारला. सगळे त्याच्याकडं बघतात. मी माझा खांदा बघतो."

जयलक्ष्मीबाईंनी ते कात्रण लगेच परत दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाडगौडांचा फोन आला.

"बाई, लिहून झालं का? जरा वजन घाला हं त्यात. 'आंतरराष्ट्रीय खेळाडू' असं सुरुवातीलाच येऊ द्या."

"तो देशाकडून खेळलेला नाही, संजीव."

"संघात होता की नाही? मग झालं तर."

"बाकावर होता."

"अहो बाई, इथं कोण बघायला जातंय? पालक येणार आहेत रविवारी. पुढच्या वर्षीचे प्रवेश आहेत. दोन गोल मारलेल्या माणसाकडं कोण पाठवेल पोरं? मी माझ्यासाठी सांगतोय का? ही अकादमी चालायला पाहिजे." त्यांचा सूर खोटा नव्हता. त्या माळावर त्यांनी जीव लावला होता, हे बाईंना माहीत होतं. "सुभाष रोडला फ्लेक्स टाकलाय छापायला. मस्त झालाय."

बाई वर गेल्या. मिलुतिन भांडी विसळत होता. त्यांनी सगळं सांगितलं. त्यानं नळ बंद केला, हात पुसले.

"तसं लिहिलं तर रविवारी मी हा जिना उतरणार नाही," तो शांतपणे म्हणाला. "टीचर, माझे चारशे एकोणीस सामने खरे आहेत. त्यात एक खोटा घातला की सगळेच खोटे होतात."

अकरा वाजता जयलक्ष्मीबाई सुभाष रोडला पोचल्या. फ्लेक्सचं दुकान संतोषचं. संतोष त्यांचा विद्यार्थी. धारवाडात पाच दुकानं ओलांडली की एक विद्यार्थी निघतोच. संगणकाच्या पडद्यावर मिलुतिनचा फोटो होता, मागं पेटता चेंडू आणि मोठ्या कन्नड अक्षरांत: सर्बियाचे आंतरराष्ट्रीय गोलवीर.

"काढ ते," बाई म्हणाल्या.

"बाई, नाडगौडा सरांनी स्वतः सांगितलंय."

"नाडगौडांना मी सांगेन. गोलवीर काढ, आंतरराष्ट्रीय काढ. आणि तो जाळ कशाला लावलायस चेंडूला?"

संतोषनं जाळ काढला. "मग काय लिहू, बाई?"

बाई पडद्याकडं बघत उभ्या राहिल्या. काय लिहायचं नाही ते त्यांना पक्कं कळलं होतं. काय लिहायचं ते अजून सापडलं नव्हतं. "नाव लिही. खाली, मिडफिल्डर. आणि चारशे एकोणीस सामने," एवढंच सांगून त्या बाहेर पडल्या.

संध्याकाळी त्या बेलूरच्या बसनं मैदानावर गेल्या. पाच वर्षांत पहिल्यांदाच. मुलींचा सराव चालला होता. मिलुतिननं त्यांच्यासाठी रेषेबाहेर खुर्ची टाकली.

बाईंना काहीच कळेना. वीस-बावीस मुली धुळीतून इकडून तिकडं पळत होत्या, चेंडू दिसायचा आणि नाहीसा व्हायचा.

"चेंडूकडं बघू नका," मिलुतिन त्यांच्या मागं येऊन उभा राहिला. "ती सहा नंबरची. दहा मिनिटं फक्त तिच्याकडं बघा. चेंडू कुठंही जाऊ दे."

सहा नंबरची मुलगी सतरा वर्षांची, काटकुळी, घट्ट वेणी घातलेली. बाईंनी तिच्यावर नजर ठेवली. परीक्षेच्या हॉलमध्ये एखाद्या बाकावर ठेवावी तशी. आधी वाटलं, ही नुसतीच भटकतेय. मग लक्षात आलं, ती सारखी मान वळवून मागं बघतेय. उजव्या खांद्यावरून, डाव्या खांद्यावरून. चेंडू दूर असतानाही. मग ती चार पावलं सरकायची, उगीचच, मोकळ्या जागेत. आणि थोड्या वेळानं चेंडू बरोबर तिथंच यायचा. तिच्या पायाशी तो दोन क्षणही थांबायचा नाही. ती तो कुणाला तरी देऊन टाकायची आणि पुन्हा मान वळवून चालू लागायची. समोरच्या संघाची मुलगी वेगानं घुसली की वाटेत ही असायचीच. कशी यायची, कधी यायची, दिसायचं नाही.

दहा मिनिटांची पंचवीस झाली. बाईंच्या मांडीवरच्या वहीचं पान कोरंच राहिलं होतं.

सराव संपल्यावर ती मुलगी पाण्याची बाटली घेऊन जवळ आली. नाव पिंकी. हुबळीच्या कमरीपेठेतली. वडील यल्लाप्पा बाजारात हमाली करायचे, आई पारूबाई घरकामं करायची. घरात मराठी, आणि बाईंनाही मराठी येत असल्यानं ती मोकळेपणानं बोलली.

"तुम्ही कोचवर लिहिताय ना, बाई? लवकर लिहा. मी असेन की नाही रविवारनंतर, माहीत नाही."

"का गं?"

"अप्पा घेऊन जाणारेत मला. पुढच्या महिन्यात राज्याच्या संघाचं शिबिर आहे बेंगळूरला, कोचनी माझं नाव दिलंय. पण अप्पांची सही पाहिजे. ते म्हणतात, तीन वर्षं झाली, पेपरात त्या गोल मारणाऱ्या दीपश्रीचं नाव येतंय, तुझं एकदाही नाही. घरी गेलं की सगळे विचारतात, गोल किती मारले." तिनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं, पुन्हा उघडलं. "मी काय सांगू?"

जयलक्ष्मीबाईंनी वहीचं ते पान उघडलं होतं, ज्याच्या समासात त्यांनी काल त्याच आकड्यासाठी जागा ठेवली होती. त्यांनी वही मिटली.

परत येताना बसमध्ये मिलुतिन खिडकीपाशी बसला होता. "पाच वर्षांत तिच्यासारखी दुसरी बघितली नाही," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा चांगली आहे. सतराव्या वर्षी मला मागं बघता येत नव्हतं."

रविवारी माळावर मांडव पडला. फ्लेक्सवर नुसतं नाव आणि आकडा बघून नाडगौडा दोन मिनिटं उभे राहिले, बाईंकडं बघितलं आणि पाहुण्यांना घ्यायला गेले. खुर्च्या भरल्या. कारखान्यातले कामगार, हुबळी-धारवाडचे पालक, बेळगावहून सामन्यासाठी आलेल्या मुली आणि त्यांचे शिक्षक. पिंकीचे वडील मात्र आले नव्हते. बाईंनी दोनदा मान वळवून फाटकाकडं बघितलं.

मग त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी कन्नडमध्ये वाचायला सुरुवात केली. क्रालेवो, डब्यांचा कारखाना, घर न बदलता चार देश. लोक ऐकत होते.

"हे सतरा वर्षं खेळले," बाईंनी वाचलं. "चारशे एकोणीस सामने. या सतरा वर्षांत यांनी एकूण दोन गोल केले."

मांडवात आधी कुजबुज झाली, मग कुणीतरी हसलं आणि ते हसू रांगारांगांतून पसरलं. नाडगौडांनी डोळे मिटून घेतले. मिलुतिनला कन्नड फारसं येत नव्हतं, पण 'दोन' कळत होतं. तो व्यासपीठावरच्या खुर्चीतून हसला आणि सगळ्यांना दिसतील अशी दोन बोटं वर धरली. वर धरली ती खाली घेतली नाहीत.

जयलक्ष्मीबाई थांबल्या. वर्ग गप्प होईपर्यंत थांबायचं त्यांना माहीत होतं. हसू विरलं, पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला, तरी त्या आणखी थोडं थांबल्या.

"दोन त्यांनी मारले," त्यांनी कागद खाली ठेवला. "बाकीचे किती गोल यांनी दिलेल्या चेंडूवर झाले, ते कुणी मोजलेलं नाही. मी विचारलं. यांनाही माहीत नाही. ज्या दिवशी यांचा क्लब राजधानीच्या संघाला हरवून आला, त्या दिवशीच्या फोटोत यांचा फक्त खांदा आहे. तो फोटो यांनी वीस वर्षं जपला आहे. देशाच्या संघात यांना बोलावलं होतं. खेळायला मिळालं नाही. तेही लिहा, असं यांनी मला सांगितलं. मी पुष्कळ मोठ्या माणसांचे परिचय वाचले आहेत. जे घडलं नाही ते घालू नका असं सांगणारे हे पहिले."

टाळ्या लगेच आल्या नाहीत. आल्या तेव्हा मागून आल्या, कामगार बसले होते तिकडून. मिलुतिन उठून उभा राहिला. छातीवर हात ठेवून त्यानं मान लववली आणि अंगावर आलेली शाल दोन्ही हातांनी धरून तो बराच वेळ ताठ उभा होता, गुडघ्यावर सगळा भार टाकून. बाई जागेवर येऊन बसल्या तेव्हा नाडगौडा त्यांच्या कानाशी वाकले.

"प्रवेश कमी झाले तर तुमच्या नावावर," ते म्हणाले. पण टाळ्या वाजवायचे थांबले नव्हते.

सामना सुरू झाला आणि पाचएक मिनिटांनी यल्लाप्पा आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला घाम. हुबळीहून दोन बस बदलायच्या होत्या, दुसरी चुकली. भाषण होऊन गेलं होतं, त्यातला एक शब्दही त्याच्या कानावर पडला नव्हता. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला आणि शिकलेल्या दिसतात म्हणून बाईंपुढं धरला.

"अक्का, पोरीला घरी न्यायचा अर्ज आहे. कुणाकडं द्यायचा?"

"पिंकीचे अप्पा ना तुम्ही?"

"हौदरी, मीच."

"सामना संपल्याशिवाय इथं कुणी अर्ज घेणार नाही. बसा." त्यांनी शेजारची खुर्ची झटकली. "पिंकीचा खेळ बघितलाय कधी?"

"बघितलाय की दोनदा. नुसती पळते. बॉल आला की दुसऱ्याला देऊन टाकते. घाबरते असं वाटतंय."

"आता माझं एक ऐका. बॉलकडं बघू नका. फक्त तिच्याकडं बघा."

यल्लाप्पानं त्यांच्याकडं संशयानं बघितलं, पण बाईंचा आवाज असा होता की माणूस ऐकायचा. तो पुढं वाकून, कोपर गुडघ्यांवर टेकून बघू लागला.

"तिकडं कशाला गेली?" थोड्या वेळानं तो पुटपुटला. "बॉल इकडं आहे."

चेंडू बेळगावच्या मुलीच्या पायाला लागून उडाला आणि पिंकीच्या पुढ्यात येऊन पडला.

"आँ!" यल्लाप्पा म्हणाला. मग पुन्हा तसंच झालं. मग तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी पिंकी चेंडू येण्याआधीच मान वळवून बघताना त्याला दिसली आणि तो एकदम सरळ बसला.

"अक्का, ती आधी बघून ठेवतेय. देणार कुणाला ते."

"असं?"

"आमच्यात तसंच असतंय. लॉरीवर थर लावणारा वर, पोतं देणारा खाली. खालचा मी. वरच्याचा हात कुठं येणार ते आधी बघावं लागतंय, मग पोतं उचलायचं. नाही बघितलं तर पोतं खाली, नाहीतर तो खाली. बावीस वर्षं देतोय मी, एकदा पडू दिलं नाही." तो हे सांगताना बाईंकडं बघत नव्हता. "हिला कुणी शिकवलं हे? मी तर कधी सांगितलं नाही."

त्याच्या हातातल्या कागदाची आता गुंडाळी झाली होती. पिंकीनं मधल्या रेषेजवळ समोरच्या मुलीच्या पायातून चेंडू अलगद काढला, ती मुलगी आपटली, पिंकी अडखळली, सावरली, चेंडू दिला आणि लगेच मागं बघत आपल्या जागेकडं निघाली. यल्लाप्पाची मान तिच्याबरोबर वळत होती. तेवढ्यात सगळा मांडव ओरडला. खुर्च्या मागं सरकल्या, माणसं उभी राहिली, कुणीतरी शिट्टी मारली.

"काय झालं?" यल्लाप्पा दचकला.

"गोल झाला वाटतं."

"कुणी मारला?"

"मी नाही बघितला," जयलक्ष्मीबाई म्हणाल्या.

"मी पण नाही."

मैदानाच्या त्या टोकाला मुली दीपश्रीला उचलून नाचत होत्या. पुढच्या दोन रांगा उभ्याच होत्या, हात वर, मोबाइल वर. त्यांच्या पाठींपलीकडं मैदान दिसेनासं झालं होतं. यल्लाप्पानं डावीकडून डोकावून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग त्यानं पुढच्या माणसाचा खांदा धरला आणि बाजारात लॉरीवाल्याला हाक मारावी तशा आवाजात म्हणाला,

"अहो, खाली बसा की! पोरगी दिसत नाही मला."